मेलबर्नचा घटस्फोट आणि पनवेलचे अनारसे

सांगू की नको, सांगू की नको करत इतके दिवस मी गप्प होतो. पण आज चहा झकास झालाय आणि तुम्ही मंडळी घरचीच आहात, तेव्हा ऐकाच. फक्त मध्ये हसू नका. हसायचं तिथे मीच थांबेन.

काय आहे, काही जण स्वतःच्या लग्नात घोळ घालतात. काही जण स्वतःच्या घटस्फोटात घालतात. मी घातला मुलीच्या घटस्फोटात! आणि तोही होऊन गेलेल्या घटस्फोटात! आहे का नाही कमाल?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझं सळ्या-पत्र्यांचं दुकान होतं आणि घर नवीन पनवेलला. एकुलती एक मुलगी, मेघना. तिचं लग्न आम्ही इथेच, जुन्या पनवेलमधल्या कार्यालयात धूमधडाक्यात लावलं. जावई नाशिकचा. निखिल. लग्न झालं आणि दोघं ऑस्ट्रेलियाला गेली, मेलबर्नला, नोकरीसाठी.

आता या निखिलबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला नुसताच मूर्ख समजाल. सुरुवातीला मी त्याला ‘अहो निखिलराव’ म्हणायचो. त्याने आठवडाभरात ते बंद पाडलं. एकदा सुट्टीवर आला तेव्हा दुकानावर येऊन बसला, भर उन्हात, पत्र्याच्या शेडखाली. संध्याकाळपर्यंत नुसता अंगठा लावून सळई आठ मिलीमीटरची की दहाची हे ओळखायला शिकला. माझी मुलगी जन्मात कधी त्या दुकानात तासभर बसली नाही हो!

आणि माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा तो योगायोगाने इकडे आला होता. माझ्या बायकोला, हिला, त्याने घरी पाठवलं आणि दवाखान्यातल्या बाकावर स्वतः झोपला. माझं अंथरूण, माझं पाणी, माझी चिडचिड, सगळं त्याने केलं. नर्सबाई मला म्हणायच्या, “तुमचा मुलगा भारी काळजी घेतो.” मी एकदाही ती चूक दुरुस्त केली नाही.

दर रविवारी त्याचा फोन. मेघना विसरायची, तो नाही.

तर अशा या जावयाबद्दल एका संध्याकाळी मेघना फोनवर सांगते, “बाबा, आमचं इथलं काम झालं. कोर्टाचा आदेश आला. आता आम्ही कायद्याने वेगळे.”

वर्ष-दीड वर्ष दोघं वेगळी राहतायत हे मला माहीत होतं. पण नोकऱ्या शहराच्या दोन टोकांना, म्हणून दोन घरं, असं मी लोकांना सांगत होतो. आणि सांगून सांगून मलाच ते पटलं होतं.

“अगं पण झालं काय? दारू पितो? मारलं त्याने?”

“छे हो बाबा! निखिल आणि मारणार?”

“मग बाईबिई?”

“कुणी नाही. काहीच नाही झालं. तेच तर सांगतेय. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी ‘दूध संपलंय’ आणि ‘उशीर होईल’ याच्यापलीकडे बोललोच नव्हतो.”

“अगं, तीस वर्षं मी आणि तुझी आई तेवढंच बोलतोय!”

मागे ही उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन तिच्याच हातात देऊन टाकला.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. खोटं कशाला सांगू, मुलीचं वाईट वाटलंच. पण तिच्या आवाजात मला कुठे रडू ऐकू आलं नव्हतं. मोकळी वाटली ती. मला सगळ्यात आधी आठवलं ते हे, की आता रविवारी फोन येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानावर माझे मित्र घरत आले. घरत म्हणजे इथले मूळचे. शेतजमीन होती, ती गेली, मग त्या जमिनीच्या दाव्यात माणसाने पनवेल कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. वकिलापेक्षा जास्त वेळा कोर्टात गेलेला माणूस! त्यांच्यापाशी मी मन मोकळं केलं.

घरतांनी चहाची बशी खाली ठेवली. “भाऊ, लगीन कुटं लागला?”

“पनवेलला. तुम्ही होता की जेवायला!”

“मंग! जमीन जितं हाय ना, दावा पन तितंच चालतो. पनवेलची जमीन आन निकाल दिला पार दुसऱ्याच गावच्या कोर्टानं, तर आमी मानू काय? नाय मानणार.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय, तुमीच बगा.”

मी बघितलं! आणि मला असं काही लख्ख दिसलं की विचारू नका. लग्न पनवेलचं. अग्नी पनवेलचा, भटजी पनवेलचे, जेवणावळ पनवेलची. मग मेलबर्नच्या कुणा साहेबाने सही केली म्हणून ते मोडेल कसं? त्याने आमची पंगत तरी पाहिली होती का?

तुम्ही म्हणाल, अहो, मग एखाद्या वकिलाला विचारायचं! बरोबर आहे. पनवेलला कोर्टासमोर वकिलांच्या पाट्या एकावर एक लटकतायत. मी त्या रस्त्याने रोज जात होतो. पण ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आवडलेलं असतं, तो प्रश्न माणूस पुन्हा विचारतो का? मी तरी नाही विचारला.

रात्री मी मेघनाला फोन लावला आणि आवाज जरा जड करून म्हणालो, “तुमचा तिकडचा घटस्फोट इकडे चालत नाही.”

“काय?”

“पनवेलच्या हिशेबाने तू अजून निखिलची बायको आहेस. लग्न इथे लागलं, तर मोडायलाही दोघांना इथेच यावं लागेल.”

“बाबा, वकिलाला विचारलंत?”

“माहितगार माणसाला विचारलंय. कोर्टात हयात गेलीय त्याची.”

यात खोटं काही आहे का? नाही ना?

मला वाटलं, ती वाद घालेल. पण ती एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाली, “मी येते. लगेच रजा टाकते. निखिललाही विचारते.” आणि दुसऱ्या दिवशी निखिलचाही निरोप आला, “येतो बाबा.”

आता मला सांगा, झालेला घटस्फोट पुन्हा करायला जी माणसं समुद्र ओलांडून यायला एका पायावर तयार होतात, त्यांच्या मनात काहीतरी शिल्लक असणारच की नाही? मी तर हिला म्हणालो सुद्धा, “बघ, दोघांनाही यायचंच होतं. फक्त निमित्त हवं होतं.”

ही म्हणाली, “तुम्हाला काय हवं होतं ते बघा आधी.”

मी निवडला मे महिना. मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, हे पनवेलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होतं. म्हटलं, येतील, कोर्ट बंद दिसेल, थांबतील, आंबे खातील. चार दिवस एका छपराखाली राहिले की आपोआप बोलायला लागतील. शिवाय त्या वर्षी जेठात अधिक महिना आला होता.

अधिक महिना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? बरोबर! जावई! तीन वर्षांनी एकदा येणारा धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, ताम्हणात तेहतीस अनारसे रचून वर तुपाचा दिवा लावून वाण द्यायचं. आधीच्या अधिकात निखिल मेलबर्नला होता, तेव्हा आमचं वाण हुकलं होतं. ती रुखरुख माझ्या मनात होतीच.

“यंदा वाण द्यायचं,” मी जाहीर केलं.

“कुणाला?” हिने विचारलं.

“जावयाला.”

“अहो, तो आता जावई राहिला नाही.”

“तिकडे राहिला नाही. इकडे अजून आहे.”

ही खुर्चीत बसली. “म्हणजे आपली मेघना मेलबर्नला घटस्फोटित आणि पनवेलला सवाष्ण? आणि विमानात बसली असताना कोण?”

हा प्रश्न अवघड होता. मी म्हटलं, “ते विमान कंपनीवाले बघतील.”

हिने साफ सांगितलं की ती अनारशाच्या पिठाला हात लावणार नाही. मला राग आला. मी म्हटलं, मी करतो! लोखंड वाकवणाऱ्याला अनारसा काय जड? मी तांदूळ भिजत घातले. रोज पाणी बदललं. पंच्यावर वाळवले, कुटले, चाळले, गूळ घालून गोळे करून डब्यात ठेवले. सगळं अगदी रीतसर. मग एका सकाळी कढईत तूप तापवलं, खसखशीवर पहिला अनारसा थापला आणि सोडला.

तो हसला.

तुपात पडल्या पडल्या अनारसा फुटून पसरला की बायका म्हणतात, अनारसा हसला. माझा पहिला हसला. दुसरा हसला. तिसरा तर तूपभर हसत सुटला. मी झारा धरून उभा, घाम डोळ्यांत चाललेला. ही दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी आत आली, माझ्या हातातला झारा काढून घेतला, पिठात मूठभर कोरडी पिठी मळली आणि म्हणाली, “सरका. त्याला माझ्या हातचेच आवडतात.”

आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, तुपाचा धूर गेला.

मेघना आधी आली. निखिल तिच्या मागून आला, पण आधी नाशिकला आईवडिलांकडे गेला आणि मग पनवेलला. तो हॉटेलात उतरणार होता. मी म्हटलं, मी जिवंत असताना? स्टँडवर जाऊन मी स्वतः त्याची बॅग गाडीत टाकली. दारात आल्यावर ही, जी इतके दिवस ‘तो जावई राहिला नाही’ म्हणत होती, ती भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन तयार. त्याच्यावरून ओवाळून टाकलं तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. पण तुकडा तर टाकून झाला होता.

त्या रात्री मी दोघांवर नजर ठेवून होतो. निखिल आंबे चिरत होता, मेघना ताटल्या पुसत होती. काहीतरी बोलले आणि दोघंही खुदकन हसले. मी स्वयंपाकघरात धावलो.

“ऐकलंस? हसले!”

“ऐकलं,” ही म्हणाली. “मोकळी झालेली माणसं हसतात.”

पण मी कुठला ऐकतोय! मी त्या रात्री निम्म्या सोसायटीला फोन करून उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देऊन टाकलं.

म्हणजे निम्मी काही आली नाही. आले ते घरत आणि घरतवहिनी, आणि वरच्या मजल्यावरच्या सावंतवहिनी. सावंतवहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या जावई बघायला आल्या होत्या. आणि ऐन वेळी मेघनाने तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला बोलावलं. प्राजक्ता. पनवेल कोर्टातच वकिली करते. मी मनाशी म्हटलं, वकील झाली तरी आपल्या मेघनाबरोबर खेळलेली पोर आहे. जेवेल आणि जाईल.

निखिलला पाटावर बसवला. तो अवघडला होता, पण माझ्यासाठी बसला. शेजारी मेघनाचा पाट. ती काही बसेना. “बाबा, तुम्ही द्या त्याला काय द्यायचं ते, मी वाढायला घेते,” म्हणाली. सावंतवहिनी म्हणाल्या, “अगं असं कसं, वाण जोडप्याला देतात.” मी म्हटलं, “लाजतेय.”

मी निखिलच्या कपाळाला कुंकू लावलं. हिने दिवा पेटवून ताम्हण माझ्या हातात दिलं. ताम्हण चांगलं जड होतं हो. आणि मी ते पुढे करणार एवढ्यात प्राजक्ताने मागून विचारलं, “मेघना, मग माझ्याकडे नेमकं काम काय आहे?”

मेघना म्हणाली, “अगं, आमचा तिकडचा घटस्फोट इकडे चालत नाही म्हणतात ना. इथे परत अर्ज करायचाय. कोर्टाला सुट्टी आहे, पण तू तयारी तरी करून ठेव.”

“कोण म्हणतं चालत नाही?”

मेघनाने नुसती मान माझ्याकडे वळवली.

“तुम्ही दोघं राहत तिथेच होता ना?” प्राजक्ता विचारत होती.

“हो.”

“अर्ज दोघांनी मिळून केलात?”

“हो.”

“कुणावर जबरदस्ती? फसवणूक? नाही ना? दोघांची राजीखुशी?”

“हो गं.”

“मग संपलं की! एकानेच दुसऱ्याला अंधारात ठेवून निकाल आणला असता, तर इथे भांडायला जागा होती. तुमचं तसं काही नाहीच. इकडे पुन्हा काय मोडायचं? मोडायला काही उरलंच नाहीये.”

सावंतवहिनींनी निखिलकडे पाहिलं, मेघनाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या ताम्हणाकडे पाहिलं. “म्हणजे... हे जावई नाहीत?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरतांकडे पाहिलं.

घरतांनी दोन्ही हात वर केले. “भाऊ, मी जमिनीचा बोललो! लगनाचा कवा बोललो?”

मेघनाचा चेहरा लाल झाला होता. “बाबा, तुम्ही माहितगार माणसाला विचारलं म्हणालात, ते हे? घरतकाका?”

“अगं, त्यांचा कोर्टाचा अनुभव...”

“बाबा, पुढच्या महिन्यात मी लग्न करतेय!”

ताम्हण माझ्या हातात तसंच.

“सुहास नाव त्याचं. आईला आल्या आल्या सांगितलं. तुम्हाला सांगायला तोंड उघडायचे, तर तुम्ही निखिल, निखिल आणि निखिल. तुमचा फोन आला त्या दिवसापासून मला धड झोप नाही. वाटलं, मी हे लग्न केलं तर इकडे गुन्हेगार ठरेन. रोज वाटायचं, सुहासला काय सांगू? म्हणून धावत आले मी. आंबे खायला नाही आले!”

मी हिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे माझ्या बायकोला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, आणि मी मात्र तुपात अनारसे सोडत बसलो होतो.

मला त्या क्षणी माझी लाज वाटली. फजितीची नाही, फजितीची मला सवय आहे. पोरगी इतके दिवस भीतीने झोपली नव्हती, आणि ती एका पायावर आली याचा मी आनंद मानला होता, त्याची लाज. मी म्हटलं, “मेघना, चुकलो गं.” ती डोळे पुसत वळली आणि पाण्याचे पेले भरायला लागली.

उभ्याने ताम्हण धरून किती वेळ राहणार? खाली ठेवावं तर वाण जमिनीवर कसं ठेवायचं? द्यावं तर कुणाला? शेवटी निखिलच पाटावरून उठला. माझ्या हातांखाली त्याने हात धरले आणि म्हणाला, “द्या बाबा, जड आहे.” आणि ताम्हण नेऊन देवापुढे ठेवलं.

मग आम्ही जेवलो. करणार काय, पानं वाढलेली होती! त्या जेवणात सावंतवहिनी फक्त एकदा बोलल्या, “धोंडे मऊ झालेत हं.” घरत मान वर न करता पाच धोंडे जेवले.

दुपारी निखिल निघाला. नाशिकला जायला त्याला कळंबोलीच्या नाक्यावर एसटी मिळणार होती. मी म्हटलं, मी सोडतो. मेघनाने दारात त्याला “सांभाळून जा” म्हटलं, त्याने तिला “सुहासला नमस्कार सांग” म्हटलं. अगदी सहज. त्या दोघांत कुठे काही खुपत नव्हतं. हिने अनारशांचा डबा त्याच्या बॅगेत कोंबला.

मी माझी गाडी काढली. मग मीच म्हटलं, “निखिल, माफ कर. तुलाही उगाच फेरा घालायला लावला. मला खरंच माहीत नव्हतं.”

“मला माहीत होतं, बाबा.”

मी ब्रेक दाबला. मागच्या ट्रकवाल्याने जो भोंगा वाजवला, तो पार खारघरपर्यंत ऐकू गेला असेल.

“काय माहीत होतं?”

“तिकडचा निकाल इकडे चालतो ते. नाशिकला पोचलो त्या दिवशी मावसभावाला विचारलं. तो वकील आहे. त्याने दोन मिनिटांत सांगितलं.”

“अरे मग फोन करायचास! मेघनाला सांगायचंस!”

“मेघना तोवर पोचली होती. आणि तिला लग्नाची घाई आहे हे मलाही काल रात्रीच कळलं, आंबे चिरताना. तिनेच सांगितलं. तेव्हाच मी तिला निकाल चालतो ते सांगितलं आणि म्हटलं, प्राजक्ताला बोलव आणि उद्या समोरासमोर विचारून टाक. बाबांना तू-मी सांगून पटणार नाही.”

तेव्हा हसले होते ते हे! माझं काय मत झालं होतं ते तुम्हाला सांगितलंच आहे, पुन्हा सांगायला लावू नका.

“पण मग तू आलासच कशाला?” मी विचारलं. “नाशिकहूनच परत जायचंस. इथे तुझं काय काम राहिलं होतं?”

तो खिडकीबाहेर बघत होता. नाका जवळ आला होता. सळ्यांनी भरलेले ट्रक रांगेत उभे होते.

“बाबा, मेघनाशी माझं बोलून झालं होतं. महिनोन् महिने बोललो आम्ही. आईंशी फोनवर बोललो, त्या रडल्या, मीही रडलो. तुमच्याशीच राहिलं होतं. दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. आणि तुम्ही सळईचा भाव सांगायला लागायचा. मग आदेश आल्यावर फोनच करवेना. म्हटलं, तुम्हाला तरी तोंडावर सांगायला हवं. फोनवर नाही.”

“काय सांगायला हवं?”

“की मी आता येणार नाही. म्हणजे, रागाने नाही. मेघनाचं नवीन घर होईल. सुहास येईल, पाटावर तो बसेल. मी मध्ये लुडबुडणं बरं नाही.”

मी गाडी कडेला घेतली. मला खूप काही बोलायचं होतं. दवाखान्यातल्या बाकाचं बोलायचं होतं, नर्सबाईंची ती चूक आपण मुद्दाम दुरुस्त केली नाही हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं काय? “सळई सध्या उतरलीय.”

“हो?” तो म्हणाला. “पावसाळ्यात अजून उतरेल.”

एसटी आली. त्याने वाकून नमस्कार केला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात लवकर निघेना म्हणून कंडक्टर ओरडला. तो चढला. खिडकीतून त्याने हात केला, मीही केला. एसटी पुलापलीकडे गेली तरी मी तिथेच उभा. मी रडलो. भर नाक्यावर, ट्रकवाल्यांसमोर, त्याला कुंकू लावलेलं बोट तसंच डोळ्याला लावून. डोळा असा चुरचुरला की काही विचारू नका.

आता मेघना सुखात आहे. सुहास चांगला आहे, मी त्याला रीतसर ‘अहो’ म्हणतो आणि तो म्हणू देतो.

पण तुम्हीच सांगा, अशी नामुष्की दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल का? त्या पोराला बायकोपासून घटस्फोट मेलबर्नला, एका अर्जावर मिळाला. सासऱ्यापासून घ्यायला मात्र बिचाऱ्याला पनवेलपर्यंत यावं लागलं.